घरची शाळा आणि मे महिना

सोसायटीच्या पंचवीस वर्षांचा इतिहास याच अंकात आपल्या माजी सचिवांनी लिहिला आहे. भूखंड कसा मिळाला, कन्व्हेयन्ससाठी किती खेटे घातले, लिफ्ट कधी बदलली, हे सगळे त्यात आहेच. म्हणून संपादक मंडळाने मला "इतिहासावर काहीतरी लिहा" असे सांगितले, तेव्हा मी जरा वेगळा इतिहास निवडला. तो आहे शाळेत न जाता घरी शिकणाऱ्या मुलांचा.

याला कारण आहे. आपल्या तीन इमारतींत आज दोन कुटुंबे अशी आहेत, की ज्यांची मुले शाळेत जात नाहीत. आईवडील त्यांना घरीच शिकवतात. हल्ली याला 'होमस्कूलिंग' म्हणतात. सकाळी शाळेच्या बसेस गेल्या की ही मुले खाली दिसतात, आणि आमच्या बाकावरची ज्येष्ठ मंडळी एकमेकांना विचारतात, "आज सुट्टी आहे का हो?" कुणाला कौतुक वाटते, कुणाला काळजी, कुणाला थोडा रागही. "कायद्यात बसतं का हे?" "दहावीचं काय करणार?" "मुलं एकलकोंडी होतात हो अशानं." मागच्या वार्षिक सभेनंतर चहाच्या वेळी यावर जो वाद झाला, तो सभेतल्या वादापेक्षा जास्त रंगला होता.

या प्रश्नांना इतिहासात बऱ्यापैकी उत्तरे सापडतात. आणि त्यातून पुढच्या उन्हाळी सुट्टीत आपल्याला एक चांगले काम करता येईल, असे मला वाटते. आधी इतिहास, मग काम.

शिक्षणाचा उंबरठा घरातच होता

महाराष्ट्रातल्या स्त्रीशिक्षणाची सुरुवात पुष्कळशी घरातून झाली. सावित्रीबाईंना जोतीराव फुल्यांनी शिकवले आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली. रमाबाई रानडे यांचे लग्न १८७३ साली अकराव्या वर्षी झाले. त्यांना अक्षरओळखही नव्हती. न्यायमूर्ती माधवराव रानडे यांनी घरीच शिकवायला सुरुवात केली. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा त्याला किती विरोध होता, हे रमाबाईंनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात सांगितले आहे. आनंदीबाई जोशी यांना गोपाळरावांनी घरी शिकवले, आणि १८८६ साली त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या.

यांतले सर्वात विलक्षण उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी ते मुलीला शिकवले. शाळा नाही, वर्ग नाही, परीक्षा नाही. आयुष्य तीर्थयात्रांत फिरण्यात गेले. तरीही भागवताचे १८ हजार श्लोक या मुलीला पाठ होते, आणि १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

या सगळ्यांच्या बाबतीत एक गोष्ट समान दिसते. घरात कुणीतरी चिकाटीने शिकवणारे होते. पण त्या घरात थांबल्या नाहीत. सावित्रीबाईंनी शाळा चालवल्या, रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदनाचे काम उभे केले, आनंदीबाई समुद्र ओलांडून कॉलेजात गेल्या. घर हा त्यांच्या शिक्षणाचा उंबरठा होता. तो ओलांडल्यावर माणसे भेटली, आणि मगच शिकलेले कामाला आले. घरच्या शिक्षणाचा विचार करताना हे विसरून चालणार नाही.

टॉल्स्टॉय फार्म ते वर्धा

घरी शिकवण्याचा मोठा प्रयोग गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत केला. १९१० साली त्यांचे मित्र हर्मन कॅलनबाख यांनी जोहान्सबर्गजवळची ११०० एकर जमीन वापरायला दिली. तिथे टॉल्स्टॉय फार्म उभे राहिले. सत्याग्रहींची कुटुंबे तिथे राहत. मुलांसाठी वेगळे शिक्षक नव्हते. गांधीजी आणि कॅलनबाखच शिकवत. मुले बागेत खपत, स्वयंपाकाला हात लावत, चपला शिवत, आणि उरलेल्या वेळात अक्षरे आणि हिशेब.

पण याची दुसरी बाजूही आहे. गांधीजींनी स्वतःच्या मुलांना नेहमीच्या शाळेत घातले नाही आणि याबद्दल मुलांची तक्रार होती. ही गोष्ट त्यांनी आत्मचरित्रात लपवलेली नाही. थोरले चिरंजीव हरिलाल यांचे वडिलांशी बिनसले, त्यात शिक्षणाची सल मोठी होती. ज्या माणसाने पुढे देशाला शिक्षणाचा एक नवा मार्ग दाखवला, त्याच्या घरातच मुलांना आपण काहीतरी गमावले असे वाटत होते. म्हणून घरी शिकवणाऱ्या आईवडिलांना आजूबाजूच्या लोकांनी प्रश्न विचारले, तर त्यात वाईट काही नाही. फक्त ते काळजीने विचारावेत, टोमणा म्हणून नको.

या अनुभवातूनच पुढे वर्ध्याची कल्पना आली. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने आराखडा तयार केला. त्यालाच 'नई तालीम', 'मूलोद्योग शिक्षण' किंवा 'वर्धा योजना' म्हणतात. आमच्या पिढीतल्या काहींनी शाळेत टकळीवर सूत काढले आहे, ते याच योजनेचे शेपूट.

या योजनेतला एक शब्द आज घरी शिकवणाऱ्या प्रत्येक पालकाने पाठ करावा असा आहे : समवाय. म्हणजे वेगवेगळ्या तासांना वेगवेगळे विषय न शिकवता, एका कामाभोवती सगळे विषय गुंफायचे. कापूस घेतला, तर तो कुठल्या जमिनीत येतो हा भूगोल. किती सूत निघाले, तारा किती, मजुरी किती, हे गणित. कापसाचा व्यापार कुणाच्या हातात गेला, हा इतिहास. आणि हे सगळे वहीत नीट लिहिणे ही भाषा. आज 'थीम बेस्ड लर्निंग' या नावाने ज्या महागड्या शिबिरांच्या जाहिराती येतात, त्यांचे मूळ आपल्याच वर्ध्यात आहे म्हणा ना!

अर्थात हा विचार एकट्या वर्ध्यात उगवला असे नाही. अमेरिकेत जॉन ड्यूई यांनी १८९६ साली शिकागोत प्रयोगशाळा म्हणून एक शाळा काढली होती. तिथे मुले स्वयंपाक, विणकाम, सुतारकाम करत आणि त्यातून विज्ञान-इतिहासाकडे जात. १९१८ साली विल्यम किलपॅट्रिक यांनी 'प्रकल्प पद्धती' या नावाने त्याची मांडणी केली. आज आपली नातवंडे रात्री अकराला "आजोबा, उद्या प्रोजेक्ट द्यायचाय" म्हणत थर्माकोल शोधतात, त्या प्रोजेक्टचे हे मूळ. मुळात ते थर्माकोल नव्हते, खरे काम होते.

वर्ध्याच्या योजनेवर टीकाही झाली, आणि ती सगळी चुकीची नव्हती. बऱ्याच ठिकाणी समवाय ओढूनताणून केला गेला. प्रत्येक धडा टकळीला बांधायचा म्हटल्यावर शिक्षकही कंटाळले आणि मुलेही. विषय एक असावा, पण त्यातून नैसर्गिकपणे जेवढे निघेल तेवढेच घ्यावे. आंब्यावर महिनाभर काम करायचे ठरले म्हणून बेरीज-वजाबाकीतही आंबेच, चित्रातही आंबे आणि गाण्यातही आंबे, असे केले की चौथ्या दिवशी मूल म्हणते, "आता पुरे."

शाळा गेली कुरणात

ज्यांनी हे ओढूनताणून न करता केले, अशी दोन नावे आपल्या जवळचीच आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातच त्यांचे काम झाले. १९४५ साली बोर्डीला त्यांनी गावातल्या आणि आदिवासी वस्तीतल्या लहान मुलांसाठी काम सुरू केले. मुले बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आज देशभर जो शब्द सरकारी कागदोपत्री आहे, तो 'अंगणवाडी' हा शब्द या कामातून आला.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर आणखी एक अडचण आली. थोडी मोठी मुले गुरे राखायला जायची. त्यांनी शाळेत यावे म्हणून कितीही समजावले, तरी घरची गुरे कोण राखणार? मग ताराबाई आणि अनुताईंनी 'कुरणशाळा' काढली. गुरे चरतात तिथे शिक्षक गेले. गवत, झाडे, पक्षी, गुरे यांच्याच मदतीने शिकवणे सुरू झाले. मूल जिथे आहे आणि जे करते आहे, तिथून शिक्षण सुरू करायचे, ही त्यातली युक्ती. ती युक्ती कुरणात चालते, तशी सोसायटीच्या पटांगणातही चालेल.

परदेशातला अनुभव

होमस्कूलिंग हे अमेरिकेचे फॅड आहे असे आपल्याला वाटते. पण तिकडेही त्याची सुरुवात गरजेतून झाली. इंग्लंडमध्ये शार्लट मेसन या शिक्षिकेने १८८६ साली 'होम एज्युकेशन' हे पुस्तक लिहिले. धडे छोटे असावेत, मुलांनी रोज बाहेर हिंडावे आणि पाहिलेले स्वतःच्या निसर्गवहीत चितारावे, असा त्यांचा आग्रह होता. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातल्या कॅल्व्हर्ट शाळेने १९०६ पासून घरी शिकवण्यासाठी पोस्टाने पाठ पाठवायला सुरुवात केली. दूरदेशी राहणारी कुटुंबे त्याचा उपयोग करत.

मला सर्वात आवडते ते ऑस्ट्रेलियाचे उदाहरण. तिथल्या ओसाड मध्यभागात गुराढोरांच्या प्रचंड मळ्यांवर राहणारी कुटुंबे शेकडो किलोमीटर दूर पसरलेली. १९५१ साली अॅलिस स्प्रिंग्ज येथे 'स्कूल ऑफ द एअर' सुरू झाले. विमानातून फिरणाऱ्या डॉक्टरांसाठी जे रेडिओचे जाळे होते, त्याच रेडिओवर वर्ग भरू लागले. मुले घरी, आई शेजारी, शिक्षिका रेडिओवर. म्हणजे ऑनलाइन शाळेची पणजीच! पण या शाळेने एक गोष्ट कधी सोडली नाही. वर्षातून काही वेळा ही सगळी मुले गावात एकत्र येतात, एकमेकांना प्रत्यक्ष भेटतात. रेडिओने अक्षरे पोचली, पण सोबत पोचत नाही, हे त्या लोकांना पक्के ठाऊक होते.

आजच्या अर्थाने होमस्कूलिंगचा पुरस्कार केला तो जॉन होल्ट यांनी. ते स्वतः शिक्षक होते. आधी शाळा सुधाराव्यात म्हणून त्यांनी पुस्तके लिहिली. नंतर १९७७ साली त्यांनी घरी शिकवणाऱ्या कुटुंबांसाठी एक नियतकालिक सुरू केले. त्यांचे सांगणे थोडक्यात असे, की घरी शिकवायचे म्हणून घराचीच छोटी शाळा करू नका. घंटा, तास, तपासणी हे सगळे दिवाणखान्यात आणले, तर शाळा काय वाईट होती?

आपल्या सगळ्यांना याचा अनुभव २०२० च्या मार्चनंतर आला. प्रत्येक घर शाळा झाले. मोबाइलसमोर गणवेशाचा वरचा शर्ट घालून बसलेली मुले आठवतात ना? ते होमस्कूलिंग नव्हे. ती शाळाच होती, फक्त मैत्री आणि मैदान वजा केलेली. त्या काळात मुलांची सर्वात मोठी तक्रार अभ्यासाची नव्हतीच. "खाली कधी जायचं?" हीच होती.

कायदा आणि दहावी

आता बाकावरचे दोन प्रश्न. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलांना मोफत शिक्षण देण्याची जबाबदारी त्याने सरकारवर टाकली. मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे, असेही त्याच्या कलम १० मध्ये म्हटले आहे. पण ते न केल्यास पालकांना शिक्षा कायद्यात नाही, आणि घरी शिकवण्याचा स्पष्ट उल्लेखही नाही, ना परवानगीचा ना बंदीचा. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर हे खाते अजून 'सस्पेन्स'मध्ये आहे.

दहावीचा प्रश्न मात्र तेवढा अवघड नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची सोय १९८९ पासून आहे. वयाची चौदा वर्षे पूर्ण झाली की त्यांच्या दहावीला बसता येते. आणि आपला जुना १७ नंबरचा फॉर्म तर आपण सगळेच जाणतो. खासगी रीतीने बोर्डाच्या परीक्षेला बसून, नोकरी सांभाळून पुढे शिकलेले कितीतरी लोक बँकेत माझ्याबरोबर होते. १७ नंबरवाला म्हणून त्यांचा हिशेब कधी चुकला नाही.

मे महिनाच का?

आता कामाकडे वळू. घरी शिकणाऱ्या मुलांना उन्हाळ्याची सुट्टी असते का? खरे तर नसते. त्यांचे रोजचेच वेळापत्रक मोकळे असते. पण एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. वर्षभर ही मुले मोकळी असतात तेव्हा बाकीची शाळेत असतात, आणि बाकीची घरी येतात तेव्हा क्लासला पळतात. सगळ्या मुलांचे घड्याळ एक होते, ते फक्त मे महिन्यात आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात.

यांतला एक दहा वर्षांचा मुलगा कधीकधी माझ्याकडे गणितासाठी येतो. एकदा मी त्याला विचारले, "साडेसात टक्क्यांनी चक्रवाढ व्याज धरलं, तर पैसे दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील?" त्याने सूत्र विचारले नाही. शंभर रुपये घेऊन एकेक वर्षाचे व्याज वहीत मांडत गेला. नवव्या वर्षअखेर १९१ रुपये आणि काही पैसे, दहाव्या वर्षअखेर २०६. दोनशे ओलांडल्यावर त्याने अशी आरोळी ठोकली, की आतून आमच्या हिने विचारले, "काय झालं?" मग जरा वेळाने तो म्हणाला, "आजोबा, हे कुणाला दाखवू?"

आईबाबांना दाखवेल, मला दाखवले. पण त्याला त्याच्या वयाचे कुणीतरी हवे होते, जे म्हणेल, "दाखव, मी पण करतो." घरच्या शिक्षणात अक्षरे, गणित, विज्ञान सगळे देता येते. ही एक गोष्ट आईवडील कितीही हुशार असले तरी घरात देऊ शकत नाहीत. ती फक्त शेजारी देऊ शकतात. आणि शेजारी म्हणजे आपण.

पूर्वी हे आपोआप होत असे. मे महिन्यात आजोळी दहा-पंधरा मावस-मामे भावंडे जमत. गच्चीवर कुरडया-पापडांची वाळवणे, त्यांची राखण, विहिरीवर पोहणे, आंब्याची आढी लावणे. यातून मोजमाप, हवामान, धीर धरणे, वाटून खाणे, सगळे शिकायला मिळे, आणि त्याला कुणी 'ॲक्टिव्हिटी' म्हणत नसे. मोठ्यांसाठीही उन्हाळा शिकण्याचाच होता. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, ती याच दिवसांत भरते. आता आजोळे दोन खोल्यांची झाली. वाड्याच्या जागी सोसायटी आली. तेव्हा आजोळाचे कामही सोसायटीनेच करायला हवे.

विषय एक : पाणी

माझी सूचना अशी. मे महिन्याचा दुसरा आणि जूनचा पहिला पंधरवडा मिळून चार आठवडे घ्यावेत. गावाला गेलेले बरेच जण तोवर परततात. आठ ते चौदा वयाची सगळी मुले, शाळेतली आणि घरी शिकणारी, एकत्र. लहानांनी मोठ्यांचे बोट धरून यावे. विषय एकच : पाणी. समवायाला याहून सोपा आणि खरा विषय आपल्याकडे नाही. टँकरच्या बिलावरून आपल्या सभा किती वेळा लांबल्या आहेत, ते सर्वांना माहीत आहे.

पहिला आठवडा : पाणी येते कुठून? महापालिकेची जोडणी कुठे आहे, व्हॉल्व्ह कुठे, जमिनीखालची टाकी, पंप, गच्चीवरची टाकी, तिथून घराघरांत जाणारे पाइप. प्लंबर आणि पंप सुरू करणारे आपले वॉचमनकाका हे या आठवड्याचे गुरुजी. मुलांनी त्यांना प्रश्न विचारावेत आणि सोसायटीचा पाण्याचा नकाशा काढावा. लहानांनी आपापल्या घरातले नळ मोजावेत. ठाण्याला मिळणाऱ्या पाण्याचा मोठा भाग भातसा नदीतून येतो. तेव्हा शेवटी नकाशात शहापूर तालुक्यापर्यंत बोट फिरवायचे.

दुसरा आठवडा : किती? टाकीची लांबी, रुंदी, खोली. समजा टाकी ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि अडीच मीटर खोल आहे. म्हणजे ५० घनमीटर, म्हणजेच ५० हजार लिटर. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. मग ही टाकी किती माणसांना पुरेल? सुमारे ३७०. आपली माणसे किती? तसेच गळका नळ. खाली लिटरची बाटली ठेवायची आणि घड्याळ लावायचे. दोन तासांत भरली, तर दिवसाला १२ लिटर आणि महिन्याला ३६० लिटर वाया. हे गणित ज्या मुलाने स्वतः केले, तो आयुष्यात नळ गळता ठेवणार नाही.

तिसरा आठवडा : पूर्वी कसे होते? इथे आपण ज्येष्ठ नागरिक कामाचे. सोसायटीत कोकणातले आहेत, विदर्भातले आहेत, मराठवाड्यातले आहेत. विहीर, रहाट, पोहरा, चावीवरची रांग, १९७२ चा दुष्काळ. मुलांनी दोघा-दोघांच्या जोडीने घरोघरी जाऊन मुलाखती घ्याव्यात आणि लिहून काढाव्यात. जोडी मुद्दाम अशी लावावी, की एक मूल शाळेतले आणि एक घरी शिकणारे. त्याला जोड म्हणून मुंबईला नळाचे पाणी कसे मिळाले ही गोष्ट सांगता येईल. १८६० साली विहार तलावाचे पाणी शहरात आले. त्याआधी लोक विहिरी आणि तळ्यांवर अवलंबून होते. एका सकाळी सगळ्यांनी मासुंदा तलावावर जाऊन यावे. ठाण्याला तलावांचे शहर का म्हणतात, ते पाठ करण्यापेक्षा पाहून कळते.

चौथा आठवडा : पाऊस. सरळ बाजूंची एक रुंद बरणी आणि एक फूटपट्टी, झाले आपले पर्जन्यमापक. बरणीत जितके मिलिमीटर पाणी साठले, तितका पाऊस. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. समजा एका इमारतीची गच्ची ४०० चौरस मीटर आहे आणि पावसाळ्यात २००० मिलिमीटर पाऊस पडला, तर गच्चीवर ८ लाख लिटर पाणी पडते. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या सोळा टाक्या! हे सगळे अडवता येत नाही, पण यातले किती आपण गटारात सोडतो, हा प्रश्न मुलांनीच मोठ्यांना विचारावा.

आणि शेवटचे, माझ्या मते सर्वात महत्त्वाचे. मुलांनी या कामाचा अहवाल व्यवस्थापन समितीला द्यावा, आणि समितीने त्याला लेखी उत्तर द्यावे. कोणता व्हॉल्व्ह गळतो, कोणत्या जिन्यातला नळ बदलायला हवा, हे अहवालात असेल. समितीने दोन दुरुस्त्या जरी केल्या, तरी मुलांना कळेल की आपले काम खोटे-खोटे नव्हते. ड्यूई असोत, वर्धा असो की कोसबाड, जिथे काम खरे होते तिथे शिक्षण टिकले. जिथे कामाचे सोंग झाले, तिथे फक्त प्रदर्शनाचे तक्ते उरले.

काही पथ्ये

रोज सकाळी साडेसात ते नऊ, एवढीच वेळ. ऊन चढायच्या आत घरी. बुधवार आणि रविवार पूर्ण रिकामा. रिकामा म्हणजे खरंच रिकामा, त्या दिवशी मुलांनी काय करावे हे आपण ठरवायचे नाही. क्रमांक नाहीत, बक्षिसे नाहीत. प्रत्येकाची एक वही, रोजच्या तारखेची नोंद, जमाखर्चासारखी. टाकीचे झाकण मोठ्या माणसाशिवाय उघडायचे नाही आणि शिडीवर कुणीही मुलाने चढायचे नाही. मापे मोठ्यांनी घ्यावीत, गणित मुलांनी करावे. खर्च म्हणाल तर वह्या, मोजपट्टी, बरण्या. सांस्कृतिक निधीला सहज झेपेल.

आणखी एक पथ्य मोठ्यांसाठी. घरी शिकवणाऱ्या पालकांना शिकवण्याचा अनुभव आहे म्हणून सगळे काम त्यांच्याच गळ्यात घालू नये. आठवड्याला दोन कुटुंबे, अशी आळीपाळीने जबाबदारी घ्यावी. आणि त्या मुलांना "तू शाळेत का जात नाहीस?" हा प्रश्न चार आठवडे कुणीही विचारू नये. त्याऐवजी विचारावे, "तुझ्या मापानं टाकी किती भरली?"

पुढच्या वर्षी विषय बदलता येईल. माझ्या मनात 'पैसा' आहे. १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तो गोंधळ आठवणारे आपल्यात अजून आहेत. किंवा 'रेल्वे' घ्यावी. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघाली, ती आपल्या ठाण्यालाच आली. ठाणेकर मुलांना याहून जवळचा इतिहास कुठे मिळणार?

समितीने संमती दिली, तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कार्यालयात एक नोंदवही ठेवता येईल. पालकांनी मुलांची नावे द्यावीत, आणि आम्हा ज्येष्ठांनी आपली नावे तिसऱ्या आठवड्यासाठी द्यावीत. पहिले नाव मी माझे लिहीन.